मित्रोपा कप: युरोपियन कपच्या आधीचा युरोप (१९२७–१९९२)

सेंटर_हाफ

एसी मिलानच्या करंडकांची यादी चाळत होतो. सात युरोपियन कप, एकोणीस लीगपदं, आणि मध्येच एक ओळ: मित्रोपा कप, १९८१–८२. त्याच मोसमाच्या शेवटी मिलान घसरून सेरी बीमध्ये, म्हणजे इटलीच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये, गेला होता, हे पक्कं आठवत होतं. मग त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय करंडक कुठून आला? त्या ओळीच्या मागे लागलो आणि थेट १९२७ सालच्या व्हेनिसला जाऊन पोचलो. मराठीत यावर कुठे सलग वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा. ज्यांना भर घालायची असेल, चूक दाखवायची असेल, त्यांनी जरूर लिहा.

पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य मोडलं. व्हिएन्ना, बुडापेस्ट आणि प्राग ही एका छपराखालची तीन शहरं तीन देशांच्या राजधान्या झाली. पण फुटबॉल त्यांचा एकच राहिला: छोटे पास, चेंडू जमिनीवर, डोकं वापरून खेळणं. एकमेकांशी मैत्रीचे सामने तर साम्राज्याच्या काळापासून चालत आलेले. १९२४ ला ऑस्ट्रियाने व्यावसायिक लीग सुरू केली, १९२५ ला चेकोस्लोव्हाकियाने, १९२६ ला हंगेरीने. आता खेळाडूंना दरमहा पगार द्यायचा होता आणि घरच्या लीगच्या तिकिटांवर तो निघत नव्हता. मैत्रीच्या सामन्याला लोक येत, पण ज्यात काही पणाला लागलेलं नाही त्याला किती वेळा येणार?

यावर उपाय काढला ह्यूगो माइस्ल यांनी. बोहेमियात जन्मलेला ज्यू माणूस, व्हिएन्नात बँकेत नोकरी, अनेक भाषा येणारा, ऑस्ट्रियन फुटबॉल संघटनेचा कर्ताधर्ता आणि पुढे 'वुंडरटीम' म्हणून गाजलेल्या राष्ट्रीय संघाचा प्रमुख. जुलै १९२७ मध्ये व्हेनिसला बैठक झाली आणि तिथे दोन स्पर्धा ठरल्या, एक राष्ट्रीय संघांची आणि एक क्लबांची. क्लबांची ती मित्रोपा. ऑगस्टमध्ये पहिले सामने सुरूही झाले. महिन्याभरात! यावरूनच कळतं की या स्पर्धेची गरज किती होती.

पहिल्या वर्षी ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया आणि युगोस्लाव्हिया या चार देशांचे प्रत्येकी दोन क्लब. बाद पद्धत, एक सामना आपल्या गावात, एक त्यांच्या गावात, दोन्हींच्या गोलांची बेरीज. आज चॅम्पियन्स लीगच्या बाद फेऱ्यांत जे बघतो त्याचा सांगाडा हाच. व्हिएन्ना ते बुडापेस्ट जेमतेम अडीचशे किलोमीटर, प्रागही तेवढंच. मुंबईहून कोल्हापूरला जायला याहून लांब पडतं. रेल्वेने जायचं, खेळायचं, परत यायचं. विमानांच्या आधी युरोपभरची स्पर्धा शक्य नव्हती असं जे सांगतात, त्यांनी हा नकाशा बघावा.

पहिली अंतिम फेरी स्पार्टा प्राग विरुद्ध रॅपिड व्हिएन्ना. प्रागमध्ये ६–२, व्हिएन्नात १–२, बेरीज ७–४, करंडक स्पार्टाचा. पुढच्या वर्षी रॅपिड पुन्हा अंतिम फेरीत आणि पुन्हा हरले, या वेळी बुडापेस्टच्या फेरेन्त्सव्हारोशकडून ७–१ आणि ३–५. १९२९ ला युगोस्लाव्हियाच्या जागी इटलीचे क्लब आले, आणि स्पर्धेचा वजनकाटाच बदलला. त्या वर्षी उयपेश्ट जिंकले. १९३० ला अखेर रॅपिड. १९३१ ला फर्स्ट व्हिएन्ना विरुद्ध वीनर एसी, म्हणजे एकाच शहराच्या दोन क्लबांची अंतिम फेरी.

१९३२ वर मात्र थांबायलाच हवं. उपांत्य फेरी, स्लाव्हिया प्राग विरुद्ध युव्हेंटस. प्रागमध्ये स्लाव्हिया ४–० ने जिंकले. तुरिनमध्ये युव्हेंटस २–० ने पुढे असताना प्रेक्षकांतून आलेला दगड स्लाव्हियाचा गोलकीपर फ्रांतिशेक प्लानिच्का याला लागला. स्लाव्हियाचा संघ मैदान सोडून गेला, परत आलाच नाही. समितीने दोन्ही क्लबांना बाद केलं. दुसऱ्या उपांत्य फेरीत बोलोन्याने फर्स्ट व्हिएन्नाला हरवलं होतं, म्हणून अंतिम सामना न खेळताच करंडक बोलोन्याला मिळाला. इटालियन क्लबाचा पहिला आंतरराष्ट्रीय करंडक हा असा आला. (बोलोन्याने १९३४ ला आडमिरा व्हिएन्नाला ५–१ ने हरवून तो रीतसर पुन्हा मिळवला, त्यामुळे त्यांच्या गुणवत्तेबद्दल शंका नको.)

आणि १९३३. माझ्या मते या स्पर्धेचा सर्वोच्च दिवस. अंतिम फेरीत मिलानमध्ये अम्ब्रोझियाना, म्हणजे आपली इंटर, २–१ ने जिंकली होती. फॅसिस्ट राजवटीत क्लबाला 'इंटरनॅझिओनाले' हे नाव ठेवता आलं नव्हतं. व्हिएन्नाच्या प्रातर स्टेडियमवर परतीचा सामना, पन्नास हजारांवर माणसं. ऑस्ट्रिया व्हिएन्ना ३–१ ने जिंकली. तिन्ही गोल मातियास सिंडेलारचे. हडकुळ्या अंगकाठीमुळे त्याला 'कागदी माणूस' म्हणत. समोरच्या संघात मेआत्झासारखा खेळाडू, आणि त्या दिवशी कागद भारी पडला.

दमलो. १९३७ नंतरचं आणि युद्धानंतरचं प्रतिसादात लिहितो.

---

नीलिमा_क

सेंटर हाफ, फार छान लिहिलंय. एक भाबडा प्रश्न: 'मित्रोपा' मध्ये आपला 'मित्र' ऐकू येतो. काही संबंध?

---

सेंटर_हाफ

नीलिमाताई, ऐकायला मलाही तसंच आलं होतं. पण नाही. 'मिटेलऑयरोपा' म्हणजे मध्य युरोप, त्याचा हा संक्षेप. याच नावाची रेल्वेत झोपायचे आणि जेवणाचे डबे चालवणारी जर्मन कंपनीही होती, १९१६ पासूनची. इटालियन लोक याच स्पर्धेला 'मध्य युरोपाचा कप' म्हणत, चेक आणि हंगेरियन लोकही आपापल्या भाषेत तेच.

---

आकडेमोड

युद्धाआधीचे विजेते एका जागी असावेत म्हणून: १९२७ स्पार्टा, २८ फेरेन्त्सव्हारोश, २९ उयपेश्ट, ३० रॅपिड, ३१ फर्स्ट व्हिएन्ना, ३२ बोलोन्या, ३३ ऑस्ट्रिया व्हिएन्ना, ३४ बोलोन्या, ३५ स्पार्टा, ३६ ऑस्ट्रिया व्हिएन्ना, ३७ फेरेन्त्सव्हारोश, ३८ स्लाव्हिया, ३९ उयपेश्ट. तेरा वर्षांत आठ वेगळे क्लब आणि कोणालाही लागोपाठ दोनदा जिंकता आलं नाही. देशवार बघा: ऑस्ट्रिया ४, हंगेरी ४, चेकोस्लोव्हाकिया ३, इटली २. इटली याच काळात १९३४ आणि १९३८ चा विश्वचषक जिंकत होती. म्हणजे विश्वविजेत्या देशाचे क्लब इथे चौथ्या क्रमांकावर. यापेक्षा दर्जाचा पुरावा कोणता हवा?

१९३४ पासून देशामागे चार क्लब, एकूण सोळा. पुढे स्वित्झर्लंड आणि रोमानिया आले, युगोस्लाव्हिया परत आली.

---

मांडवीकाठ

वाचायला मजा आली, पण थोडा विरोध नोंदवतो. इंग्लंड नाही, स्पेन नाही, फ्रान्स नाही, जर्मनी नाही. चार-पाच शेजाऱ्यांच्या स्पर्धेला 'युरोप' म्हणणं जरा जास्त होतंय. १९५५ ला फ्रेंच पत्रकार गाब्रिएल आनो आणि त्यांचं वर्तमानपत्र 'लेकिप' यांनी युरोपियन कप (आजची चॅम्पियन्स लीग) आणला, तो खऱ्या अर्थाने पहिला. युएफा ही युरोपियन फुटबॉलची संघटना १९५४ साली जन्मली, ती मित्रोपाला अधिकृत धरत नाही, यातही काही तथ्य असणारच ना?

---

सेंटर_हाफ

मांडवीकाठ, मुद्दा योग्य आहे, पण निष्कर्ष पटत नाही. युएफाचा जन्मच १९५४ चा, तर ती १९२७ च्या स्पर्धेची मालक कशी असेल? तिने मोजलं नाही म्हणून ती झाली नाही असं होत नाही. आणि इंग्लंड नव्हतं ते इंग्लंडच्या मर्जीने. १९३० च्या दशकातले तीनही विश्वचषक ते खेळले नव्हते. जो घरातून बाहेरच पडला नाही, तो नव्हता म्हणून जत्रा लहान ठरवायची का?

आनो यांचं श्रेय मी कमी करत नाही. डिसेंबर १९५४ मध्ये इंग्लंडच्या वुल्व्ह्ज क्लबने हंगेरीच्या होनव्हेदला ३–२ हरवलं, इंग्लिश वर्तमानपत्रांनी त्यांना जगज्जेते म्हणून टाकलं, आणि आनो म्हणाले की आधी दोन्हीकडे खेळून दाखवा. पण 'दोन्हीकडे खेळा आणि बेरीज करा' ही रीत तोवर मध्य युरोपात सत्तावीस वर्षांची झाली होती. हरलेला तो होनव्हेदही बुडापेस्टचाच.

आता राहिलेलं. १९३७ मध्ये राजकारण उघड मैदानात उतरलं. आडमिरा विरुद्ध जेनोआ, व्हिएन्नात २–२. सामन्यात तुंबळ हाणामारी झाली. परतीच्या सामन्यासाठी आडमिराच्या खेळाडूंना मुसोलिनीच्या सरकारने इटलीत येऊ दिलं नाही. दोघेही बाद. लाझिओला थेट अंतिम फेरी मिळाली, आणि तिथे गाठ पडली फेरेन्त्सव्हारोशशी, ज्यांनी उपांत्य फेरीत व्हिएन्नात १–४ ने मार खाऊन घरी ६–१ ने तो फेडला होता. अंतिम फेरी ४–२ आणि ५–४. लाझिओकडे सिल्व्हिओ पिओला, फेरेन्त्सव्हारोशकडे कायद्याची डॉक्टरेट घेतलेला ग्यॉर्गी शारोशी. दोन सामन्यांत पंधरा गोल!

त्याच वर्षी फेब्रुवारीत माइस्ल हृदयविकाराने गेले. वर्षभराने, मार्च १९३८ मध्ये, हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. व्यावसायिक फुटबॉल बंद झाला, हाकोआह हा ज्यू क्लब विसर्जित केला गेला, आणि ऑस्ट्रियाचे क्लब मित्रोपातून नाहीसे झाले. ज्या शहरात ही स्पर्धा सुचली, ते शहरच स्पर्धेतून गेलं.

तरी १९३८ ची स्पर्धा झाली. जुलैमध्ये स्लाव्हियाने प्रागला अम्ब्रोझियानाला ९–० ने हरवलं. नीट वाचा, नऊ–शून्य, इटली विश्वविजेती होऊन महिनाही झाला नव्हता, आणि अम्ब्रोझियाना म्हणजे त्या विश्वविजेत्या संघाच्या कर्णधाराचा, मेआत्झाचा क्लब. स्लाव्हियाकडे तेव्हा योसेफ बित्सान होता, व्हिएन्नात जन्मलेला चेक मुलगा, रॅपिड आणि आडमिराकडून खेळून प्रागला आलेला. त्या स्पर्धेत त्याने दहा गोल केले. अंतिम फेरी सप्टेंबरमध्ये फेरेन्त्सव्हारोशशी: प्रागला २–२, ११ सप्टेंबरला बुडापेस्टमध्ये स्लाव्हिया २–० ने विजयी. चेकोस्लोव्हाकियाचा क्लब हंगेरीच्या राजधानीत करंडक उचलतो. ३० सप्टेंबरला म्युनिक करार झाला, देशाचे लचके तुटायला सुरुवात झाली आणि नोव्हेंबरमध्ये दक्षिण स्लोव्हाकियाचा पट्टा हंगेरीला दिला गेला. तो विजय आणि म्युनिक करार यांमधलं अंतर एकोणीस दिवसांचं आहे.

---

जुना_रेडिओ

हा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटलं नाही. आम्ही शाळेत म्युनिक करार 'दुसऱ्या महायुद्धाची कारणे, टिपा लिहा' यात शिकलो. पाच मार्कांची टीप. त्या एकोणीस दिवस आधी तिथे असा एक सामना झाला होता, हे कोणी सांगितलं असतं तर ती टीप आयुष्यभर लक्षात राहिली असती. सिंडेलारबद्दल लिहा की. जर्मनीकडून खेळायला त्याने नकार दिला आणि त्याला मारलं गेलं असं मी ऐकून आहे.

---

व्हिएन्नाकर

रेडिओकाका, नमस्कार. मी नोकरीमुळे अकरा वर्षं व्हिएन्नात आहे, म्हणून या प्रश्नाला मी उत्तर देतो. सिंडेलारबद्दल इथे इतक्या गोष्टी सांगितल्या जातात की खऱ्याखोट्याची सरमिसळ झाली आहे.

पक्कं एवढं: ३ एप्रिल १९३८ ला 'ऑस्टमार्क' (नाझींनी ऑस्ट्रियाला दिलेलं नाव) विरुद्ध जुन्या जर्मनीचा संघ असा सामना झाला, ऑस्ट्रियन बाजू २–० ने जिंकली, एक गोल सिंडेलारचा आणि एक सेस्टाचा. त्यानंतर तो जर्मनीच्या संघाकडून कधीच खेळला नाही. २३ जानेवारी १९३९ ला तो आणि त्याची मैत्रीण खोलीत बेशुद्ध सापडले, कार्बन मोनॉक्साइडमुळे. तो तिथेच गेला, वय ३५. खून, आत्महत्या की धुराड्याचा दोष, यावर लोक आजही भांडतात. पोलिसांची नोंद अपघाताची.

पण दुसरी गोष्टही सांगायला हवी. १९३८ च्या उन्हाळ्यात त्याने फावोरिटन भागात एक कॅफे विकत घेतला. तो ज्यू मालकाकडून सक्तीने काढून घेतलेल्या मालमत्तांपैकी होता, आणि तो मालक पुढे तेरेझिनच्या छळछावणीत मेला. मला सिंडेलार अतिशय आवडतो. झेंट्रालफ्रीडहोफमधल्या त्याच्या कबरीवर मी फुलं ठेवून आलोय. तरीही त्याला निव्वळ हुतात्मा करून ठेवणं त्या कॅफेच्या मालकावर अन्याय होईल असं वाटतं.

नि:शंकपणे हुतात्मा म्हणावं असा माणूस या स्पर्धेत आहे, पण त्याचं नाव कोणी घेत नाही. इश्तवान तोथ, टोपणनाव 'पोत्या'. १९२८ ला फेरेन्त्सव्हारोशने मित्रोपा जिंकली तेव्हाचा प्रशिक्षक. युद्धाच्या शेवटच्या काळात तो आणि गेझा केर्तेस हा दुसरा प्रशिक्षक बुडापेस्टमध्ये प्रतिकार गटात होते. माणसं वाचवत होते. पकडले गेले. ६ फेब्रुवारी १९४५ ला हंगेरियन फॅसिस्टांनी दोघांना गोळ्या घातल्या. आठवड्याभरात, १३ तारखेला, बुडापेस्टचा वेढा संपला.

---

नीलिमा_क

आठवडाभर.

व्हिएन्नाकर, कॅफेचं लिहिल्याबद्दल मनापासून आभार. हे सहसा गाळलं जातं. बोलोन्याचे प्रशिक्षक आर्पाद व्हाइस यांचं नावही इथे यायला हवं ना? १९३२ आणि ३४ त्यांनीच जिंकून दिलं का?

---

आकडेमोड

नाही, व्हाइस बोलोन्यात त्यानंतर आले, १९३५ च्या सुमारास. त्यांच्या हाताखाली १९३६ आणि ३७ ची लीगपदं आणि १९३७ च्या पॅरिस प्रदर्शनाच्या स्पर्धेत चेल्सीवर ४–१ असा विजय. त्याआधी १९३० ला अम्ब्रोझियानाला लीग जिंकून दिली होती. १९३८ च्या वंशकायद्यांमुळे इटली सोडावी लागली, हॉलंडमधून पकडून नेलं, ३१ जानेवारी १९४४ ला ऑशविट्झमध्ये मृत्यू. मित्रोपा त्यांनी जिंकली नाही, पण या धाग्यात त्यांचं नाव असणं योग्यच आहे.

---

मांडवीकाठ

सेंटर हाफ, माझा विरोध निम्मा मागे घेतो. दर्जाबद्दल आता शंका नाही. पण मग एवढी मोठी स्पर्धा १९५५ नंतर अशी कुजली का? युद्ध संपल्यावर पुन्हा उभी राहायला हवी होती.

---

सेंटर_हाफ

कुजली हा शब्द लागला, पण खरा आहे.

आधी १९४० चं सांगतो. त्या वर्षी आठच क्लब होते. उपांत्य फेरीत रॅपिड बुखारेस्ट आणि ग्रादान्स्की झाग्रेब यांच्यात तीन सामने बरोबरीत सुटले, शेवटी चिठ्ठ्या टाकून रॅपिड पुढे गेले. दुसरीकडून फेरेन्त्सव्हारोश. म्हणजे अंतिम फेरी हंगेरी विरुद्ध रोमानिया, आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात ट्रान्सिल्व्हेनियावरून हे दोन देश एकमेकांच्या उरावर बसलेले. अंतिम सामना झालाच नाही.

युद्धानंतर १९५१ ला एकदा 'झेंट्रोपा' नावाने प्रयोग झाला, रॅपिड व्हिएन्ना जिंकली. १९५५ ला जुन्या नावाने स्पर्धा पुन्हा सुरू झाली आणि बुडापेस्टचा व्होरोश लोबोगो, म्हणजे नाव बदललेला एमटीके, जिंकला. पण वर्ष बघा: १९५५. त्याच शरद ऋतूत युरोपियन कप सुरू झाला. रेआल माद्रिद, प्रकाशझोतातले सामने, विमानं. लीगविजेते तिकडे गेले, फेअर्स कप ही आणखी एक स्पर्धाही त्याच वर्षी निघाली, मग चषकविजेत्यांची वेगळी स्पर्धा. मित्रोपाच्या वाट्याला उरलेले क्लब आले. त्यातही बुडापेस्टच्या व्हाशाशने सहा वेळा ती जिंकून दाखवली, तेवढा विक्रम दुसऱ्या कोणाचा नाही.

शिवाय लोखंडी पडदा होताच. १९३० च्या दशकात व्हिएन्नाहून प्रागला जाणं म्हणजे रात्रीची गाडी पकडणं होतं. १९५५ मध्ये त्याच रुळांवर काटेरी तारा होत्या. लोकांना एकमेकांकडे जाता येईना, तर शेजाऱ्यांच्या स्पर्धेत रंग कुठून भरणार?

१९८० पासून तर ती दुसऱ्या श्रेणीच्या विजेत्यांची स्पर्धा करून टाकली. मिलानच्या त्या ओळीचं उत्तर हे. १९८१ ला ते सेरी बी जिंकून वर आले, म्हणून त्यांना मित्रोपात जागा मिळाली. ती त्यांनी जिंकली, आणि त्याच मोसमात सेरी ए मधून परत घसरले. पिसा, आस्कोली, बारी असे इटालियन क्लब पुढच्या काळात जिंकत राहिले.

शेवटची स्पर्धा मे १९९२, इटलीत फोज्जा इथे. अंतिम सामना बोराच बान्या लुका विरुद्ध बुडापेस्टचा बीव्हीएससी, १–१, पेनल्टींवर बोराच विजयी. बोराच युगोस्लाव्हियाचा क्लब म्हणून आला होता, पण बोस्नियात एप्रिलमध्येच युद्ध पेटलं होतं. ३० मे रोजी संयुक्त राष्ट्रांनी युगोस्लाव्हियावर निर्बंध लादले. त्याच निर्बंधांमुळे युरो १९९२ मध्ये युगोस्लाव्हियाच्या जागी डेन्मार्कला बोलावलं आणि डेन्मार्क ती जिंकली, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. त्याच आठवड्यांत एक पासष्ट वर्षांची स्पर्धा संपली, हे कोणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

---

जुना_रेडिओ

व्हिएन्नाकर, त्या शहरात आज याच्या काही खुणा आहेत का? कोणाला आठवतं का?

---

व्हिएन्नाकर

काका, रॅपिड आणि ऑस्ट्रियाच्या चाहत्यांना आठवतं. दोन्ही क्लब आज युरोपात फार पुढे जात नाहीत, त्यामुळे १९३० ते ३६ ही वर्षं ते जपून ठेवतात. पण खरी खूण पाहायची तर हायलिगनश्टाट स्टेशनवर उतरावं. समोरच कार्ल मार्क्स होफ ही कामगारांची वसाहत आहे, किलोमीटरभर लांब. १९२७ ते ३० मध्ये बांधली, म्हणजे मित्रोपाच्या पहिल्या वर्षांतच. तिच्या मधोमध प्रचंड कमानी आहेत. सामन्याच्या दिवशी स्टेशनातून निघणारी गर्दी त्या कमानींखालून थेट मागच्या टेकडीवरच्या होहे वार्टे मैदानावर जाई.

ते मैदान फर्स्ट व्हिएन्नाचं, १९३१ च्या विजेत्यांचं. १९२३ मध्ये ऑस्ट्रिया–इटली सामन्याला तिथे ऐंशी हजारांवर लोक होते. आता एका बाजूला बसायची जागा आहे आणि समोर नुसता गवताचा उतार. क्लबचे रंग निळा-पिवळा, कारण १८९४ साली बॅरन रोथशिल्डच्या बागेतल्या माळ्यांनी तो सुरू केला आणि मालकाने आपल्या रंगाचे सदरे दिले.

येत्या शनिवारी तिथे सामना आहे. मुलीला घेऊन चाललोय, कमानींखालून चालत. फोटो इथेच टाकतो.